इथरस्कॅन आणि बीएससीस्कॅन : नवं टोकन घेण्याआधी उघडायची वही

इचलकरंजीत एका नागरी सहकारी बँकेच्या तपासणी खात्यात मी २६ वर्षं काम केलं. शाखेत पाय ठेवला की आधी कर्जखात्यांच्या वह्या मागवायच्या, व्यवस्थापकाशी गप्पा नंतर, ही माझ्या पहिल्या साहेबांची शिकवण. माणसाचं बोलणं एकदा कानात बसलं की वहीतला आकडा तसाच दिसायला लागतो, असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ही सवय पुन्हा कामाला येईल असं वाटलं नव्हतं, पण भाच्यामुळे आली. म्हणून ज्या संकेतस्थळावर बसून मी ते काम केलं, त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

इथरस्कॅन हे २०१५ पासून चालू असलेलं, मलेशियातल्या कंपनीचं संकेतस्थळ. इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या सामायिक वहीवर, झालेली प्रत्येक नोंद तिथे कुणालाही, फुकट, खातं न उघडता पाहता येते. बीएनबी चेन या तशाच दुसऱ्या साखळीसाठी त्यांचंच बीएससीस्कॅन आहे. मांडणी जवळपास सारखीच, एक कळलं की दुसरं कळतं. नवी टोकनं (अशा साखळीवर कुणीही काढू शकेल अशी डिजिटल नाणी) स्वस्तात काढता येतात म्हणून बरीचशी बीएनबी चेनवर निघतात, त्यामुळे माझा जास्त वेळ बीएससीस्कॅनवर गेला. इथे टोकन विकत घेता येत नाही आणि घ्यावं की घेऊ नये हेही कुणी सांगत नाही. ही फक्त वही आहे. मला तेच हवं होतं.

भाचा मिरजेला असतो, एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी त्याचा फोन आला. हायवेवरच्या एका हॉटेलात झालेल्या सेमिनारला तो जाऊन आला होता. जेवण होतं, पडद्यावर व्हाइटपेपर, म्हणजे योजनेची माहितीपुस्तिका, दाखवला, टेलिग्रामचा ग्रुप झाला. टोकन बाजारात येऊन नऊच दिवस झाले होते आणि भाव रोज चढत होता. ३०,००० रुपये त्याने घातले होते. आता बायकोचे दागिने गहाण ठेवून आणखी दीड लाख घालायचा विचार होता, कारण ‘पहिल्या तारखेला मोठ्या एक्स्चेंजवर लिस्टिंग आहे’. फाउंड्रीतल्या दोन जोडीदारांनाही त्याने आत घेतलं होतं, त्याबद्दल थोडी टोकनं बक्षीस मिळाली होती. ‘मावशी, तू आकड्यातली आहेस, एकदा बघ ना,’ एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला आजही बरं वाटतं की त्याने विचारलं.

मी व्हाइटपेपर मागितला नाही, टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता मागितला. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे टोकन चालवणारा, साखळीवर ठेवलेला कोड. त्याचा पत्ता शून्य आणि एक्सने सुरू होणारा, एकूण ४२ अक्षरांचा. कुणीही नवं टोकन दाखवलं तर पहिल्यांदा हा पत्ता घ्या. टोकनचं नाव कुणीही कुठलंही ठेवू शकतं, एकाच नावाची पन्नास टोकनं निघू शकतात, पत्ता मात्र एकाचा एकच असतो. तो बीएससीस्कॅनच्या शोधचौकटीत टाकला की टोकनचं पान उघडतं. एकूण टोकनं किती, धारक किती आणि आजवरच्या देवघेवी किती हे वरच दिसतं. आमच्या टोकनचे धारक २३७ होते. ग्रुपमध्ये मात्र ‘दहा हजारांचं कुटुंब’ असं लिहिलेलं होतं.

मग ‘होल्डर्स’ हा रकाना. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं माझं ठाम मत आहे. कुठल्या पत्त्याकडे एकूण टोकनांचे किती टक्के आहेत याची उतरती यादी इथे मिळते. आमच्या टोकनमध्ये पहिल्या पत्त्याकडे ४१ टक्के होते. दुसरा १२ टक्क्यांचा पत्ता म्हणजे पॅनकेकस्वॅप या खरेदी-विक्रीच्या ठिकाणचा ‘पूल’, म्हणजे टोकनं आणि पैसे यांचा सामायिक साठा, जिथून लोक टोकन घेतात आणि विकतात. त्याच्या बाजूला कागदासारखं छोटं चिन्ह होतं, म्हणजे ते माणसाचं पाकीट (टोकनं ठेवायचं खातं) नसून कॉन्ट्रॅक्ट आहे. त्याखाली सहा पत्ते, प्रत्येकाकडे साडेपाच-सहा टक्के, मिळून ३४. उरलेले १३ टक्के २२९ पत्त्यांत वाटलेले, आणि त्यांत माझा भाचा.

व्हाइटपेपरमध्ये काय लिहिलंय हे मी तेव्हा त्याला विचारलं. ‘संस्थापकांकडे फक्त १० टक्के, तेही दोन वर्षं लॉक.’ लॉक असतं तर ती टोकनं एखाद्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकलेली दिसली असती. ४१ टक्के साध्या पाकिटात होते, कुणी केव्हाही हलवू शकेल असे.

ते सहा पत्ते मला खटकले. बँकेत एकाच माणसाने सहा नावांनी कर्जं उचललेली आम्ही कशी पकडायचो? नावं वेगळी, पत्ते वेगळे, जामीनदारसुद्धा वेगळे. पण खातं उघडताना भरलेली पहिली रक्कम कुठून आली ते पाहिलं की सहाही खाती एकाच चेकला जाऊन मिळायची. इथेही तेच करता येतं. ब्लॉकचेनवर काहीही करायचं तर थोडं शुल्क लागतं, म्हणून प्रत्येक नव्या पाकिटात आधी कुणीतरी थोडे बीएनबी, म्हणजे त्या साखळीचं स्वतःचं नाणं, घालावेच लागतात. पत्त्याच्या पानावर हल्ली ‘फंडेड बाय’ अशी ओळच असते, नसेल तर शेवटच्या पानावर जाऊन सगळ्यात जुनी नोंद बघायची. मी सहाही उघडले. सहाही पाकिटांत पहिले बीएनबी एकाच पत्त्यावरून आले होते, वीस मिनिटांच्या आत. त्याच पत्त्याने कॉन्ट्रॅक्ट काढणाऱ्या पाकिटातही पैसे घातले होते, आणि ४१ टक्केवालं पाकीट हे काढणाऱ्याचंच होतं. म्हणजे ७५ टक्के एका हातात. हे शोधायला मला पाऊण तास लागला. सवय असलेल्याला दहा मिनिटं पुरतील.

टोकनची वाटणी नीट झालेली असते तेव्हा यादी कशी दिसते, हे पाहायचं असेल तर इथरस्कॅनवर इथेरियमचा ब्लॉक शून्य, म्हणजे त्या वहीचं पहिलं पान, उघडा. मी भाच्याला तोही दाखवला. २०१४ च्या उन्हाळ्यात ४२ दिवस इथरची, म्हणजे इथेरियमच्या नाण्याची, उघड विक्री झाली, पहिले चौदा दिवस एका बिटकॉइनला २,००० इथर या दराने. सुमारे ६ कोटी इथर लोकांनी घेतले, १.२ कोटी फाउंडेशन आणि सुरुवातीच्या मंडळींसाठी ठेवले. ३० जुलै २०१५ ला साखळी सुरू झाली तेव्हा हे सगळं ब्लॉक शून्यात नोंदलं गेलं, एकूण ८,८९३ नोंदी. आजही एकेक नोंद वाचता येते. आतल्या लोकांचा वाटा एक षष्ठांश होता आणि तो आधी जाहीर केलेला होता. एवढ्याने कुठलंही टोकन चांगलं ठरत नाही, पण जे सांगितलं ते वहीत उतरलंय का, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर इथे कुणालाही न विचारता मिळतं.

पुढचा रकाना ‘ट्रान्स्फर्स’. इथे मी विकणाऱ्यांना शोधते. पूलकडे टोकनं पाठवणारा म्हणजे विकणारा. नऊ दिवसांत खरेदीच्या नोंदी दोनशेच्या वर होत्या. विक्री करणारे पत्ते दोनच, आणि दोन्ही त्या सहांपैकी. भाव चढत असताना आतला माणूस थोडं थोडं विकून पैसे काढत होता आणि बाहेरचे सगळे धरून बसले होते.

काही टोकनांत बाहेरच्यांना विकताच येत नाही, कोडच तसा लिहिलेला असतो. एका गाजलेल्या कोरियन मालिकेचं नाव लावून ऑक्टोबर २०२१ मध्ये बीएनबी चेनवर निघालेलं स्क्विड टोकन त्यातलंच. १ नोव्हेंबरला त्याचा भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत शून्यावर आला. काढणाऱ्यांनी ३३ लाख डॉलरच्या आसपास नेले. विकता येत नाही अशा तक्रारी त्याआधीच आल्या होत्या आणि टोकनांचे भाव दाखवणाऱ्या कॉइनमार्केटकॅप या संकेतस्थळाने तसा इशाराही दिला होता. तरी लोक घेत राहिले, कारण आलेख वर जात होता. ज्या बाजारात विकायला मनाई आहे तिथे आलेख वरच जाणार.

भाच्याला मी हे सांगितलं तर त्याने तिथल्या तिथे ५०० रुपयांचं टोकन विकून दाखवलं. विकलं गेलं. ‘बघ, आपलं तसलं नाही,’ म्हणाला. इथे मला ‘कॉन्ट्रॅक्ट’ हा रकाना उघडावा लागला, आणि याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे.

कॉन्ट्रॅक्टच्या रकान्यावर छोटी हिरवी खूण असते. सेमिनारमध्ये तीच मोठी करून दाखवली होती, ‘व्हेरिफाइड’ म्हणून. आपण झेरॉक्सवर सत्यप्रतीचा शिक्का मारून घ्यायचो ना, तसं हे आहे. शिक्क्याचा अर्थ झेरॉक्स मूळ कागदाशी जुळते इतकाच. मूळ कागदात काय अटी आहेत हे शिक्का मारणारा बघत नाही. तसंच ही हिरवी खूण सांगते की इथे दाखवलेला कोड आणि साखळीवर चालणारा कोड एकच आहे. खूण नसेल तर कोड वाचताच येत नाही, अशा टोकनपासून मी सरळ लांब राहीन. पण खूण असली तरी कोड वाचायचा राहतोच.

मला कोडिंग येत नाही. तरी काही शब्द शोधता येतात. ‘मिंट’ सापडलं तर नवी टोकनं छापायचा अधिकार कुणाकडे आहे ते बघते. ‘ब्लॅकलिस्ट’, ‘पॉज’ हे शब्द असतील तर एखाद्या पत्त्याला किंवा सगळ्यांनाच थांबवता येतं. ‘फी’ किंवा ‘टॅक्स’ बदलणारं फंक्शन असेल तर त्याला वरची मर्यादा लिहिली आहे का ते बघते. मग ‘रीड कॉन्ट्रॅक्ट’ मध्ये जाऊन ‘ओनर’ वर टिचकी मारते. उत्तरात सगळी शून्यं आली तर मालकी सोडलेली आहे, खरा पत्ता आला तर मालक अजून बसलेला आहे. ‘रीड अ‍ॅज प्रॉक्सी’ असं बटण दिसलं तर कोडच उद्या बदलता येतो, मग आज वाचलेलं उद्या कामाचं नाही.

आमच्या टोकनमध्ये विक्रीवरची फी तेव्हा ५ टक्के होती. ती बदलायचं फंक्शन होतं, मर्यादा कुठेच लिहिलेली नव्हती आणि मालकाचा पत्ता जिवंत होता. म्हणजे ५०० रुपयांची विक्री आज झाली ती मालकाच्या मर्जीने झाली. पूलमध्ये पैसे ठेवल्याची पावती म्हणून मिळणारी एलपी टोकनंसुद्धा काढणाऱ्याच्याच पाकिटात होती, कुठे लॉक केलेली नव्हती. तो केव्हाही पूल रिकामा करू शकत होता.

हे सगळं मी कागदावर लिहून त्याला पाठवलं. दीड लाख त्याने घातले नाहीत, दागिने घरातच राहिले. ३०,००० मात्र काढून घेतले नाहीत. पहिल्या तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. माझ्या बोलण्यानंतर बाराव्या दिवशी मालकाच्या पत्त्यावरून नोंद झाली, विक्रीची फी ९९ टक्के. तीन मिनिटांनी पूल रिकामा. टेलिग्रामचा ग्रुप संध्याकाळपर्यंत बंद. या दोन्ही नोंदी वेळेसकट आजही त्या पानावर आहेत. मी त्या वाचल्या तेव्हा हात थरथरत होते, आणि ते पैसे माझे नव्हते.

आता या संकेतस्थळाच्या उणिवा, कारण त्याही मला मनापासून जाणवल्या.

पहिली, इथे नावं नसतात. बँकेत सहा खाती एकाची निघाली की मी त्या माणसाला समोर बसवू शकत होते, त्याचा फोटो, पॅन, सही माझ्याकडे असायची. इथे ७५ टक्क्यांचा धनी कोण, सांगलीतला की दुसऱ्या देशातला, हे वही सांगत नाही. काही पत्त्यांना, मोठ्या एक्स्चेंजच्या वगैरे, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, बाकी अंधार. सायबर पोलिसांकडे तक्रार करताना भाच्याने या नोंदींच्या छापील प्रती जोडल्या. तेवढा उपयोग झाला.

दुसरी, जी योजना साखळीवर नाहीच तिथे ही वही निरुपयोगी आहे. महिन्याला १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देतो म्हणणाऱ्या गेनबिटकॉइनचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. त्याचा सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली होती. लोकांनी बिटकॉइन दिले आणि पुढे परतावा म्हणून कंपनीनेच काढलेलं एमकॅप नावाचं टोकन मिळालं. लोकांच्या नावावरचे आकडे कंपनीच्याच संकेतस्थळावर होते. जी वही समोरच्याच्याच कपाटात आहे, ती तपासणार कशी?

तिसरी, साखळ्या अनेक आहेत. सोलाना नावाच्या साखळीवरच्या टोकनांसाठी सोलस्कॅन लागतं. जानेवारी २०२४ मध्ये इथरस्कॅननेच ते विकत घेतलं, पण त्याची मांडणी वेगळी आहे आणि मला अजून अंगवळणी पडलेली नाही. १४ फेब्रुवारी २०२५ ला अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हावियेर मिले यांनी एक्सवर लिब्रा नावाच्या टोकनबद्दल लिहिलं, ते सोलानावरच होतं. काही तासांत भाव नव्वद टक्क्यांहून जास्त कोसळला. धारकांची यादी तेव्हाही उघडी होती आणि बहुतेक टोकनं एकमेकांशी जोडलेल्या मोजक्या पत्त्यांकडे होती. एखाद्या देशाचा प्रमुख शिफारस करतो तेव्हाही यादीच बघायची, एवढं मी त्यातून घेतलं.

चौथी, जाहिराती. ज्या पानावर माणूस फसवणूक तपासायला येतो, त्याच पानाच्या माथ्यावर जुगाराच्या आणि नव्या टोकनांच्या जाहिराती असतात, हे मला पटत नाही. मे २०२२ मध्ये कॉइनझिला या जाहिरात कंपनीमार्फत आलेल्या घातक कोडमुळे इथरस्कॅन आणि भाव दाखवणारं कॉइनगेको उघडणाऱ्यांना पाकीट जोडायला सांगणारी खोटी खिडकी दिसत होती. म्हणून नियम असा : नुसतं वाचण्यासाठी पाकीट कधीही जोडावं लागत नाही. जोडा म्हणून काही समोर आलं की पान बंद करा. खालच्या टिप्पण्यांत ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे भेटले, तर त्यांनाही उत्तर देऊ नका.

आणि पाचवी, भाषा. सगळं इंग्रजीत. फाउंड्रीतल्या माणसाने ‘प्रॉक्सी’ आणि ‘ओनर’ यांचा अर्थ कुणाला विचारायचा? सेमिनार मात्र शुद्ध मराठीत झाला होता, व्हाइटपेपरची मराठी पुस्तिकासुद्धा वाटली होती. मला याचं फार वाईट वाटतं. फसवणारा आपल्या भाषेत येतो आणि तपासायचं साधन परक्या भाषेत राहतं.

सेमिनारमध्ये आणखी एक सांगितलं गेलं होतं, तेही इथे खोडून काढते. ‘सरकार कर घेतं म्हणजे हे सरकारमान्य आहे.’ १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर उपकर, आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंग कायद्याखाली वित्तीय गुप्तवार्ता कक्षाकडे नोंदणी करावी लागते. यातली एकही गोष्ट टोकन चांगलं असल्याची हमी देत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, टोकनला तसं काहीही नाही.

वापरणाऱ्यांसाठी एक सोय सांगते. फुकट खातं उघडलं तर पत्त्यांना आपल्यापुरत्या चिठ्ठ्या लावता येतात आणि एखाद्या पत्त्यावर हालचाल झाली की ईमेल येतो. मी त्या सहा पत्त्यांना चिठ्ठ्या लावल्या आहेत. त्यांतल्या दोघांतून अलीकडे नव्या पाकिटांत बीएनबी गेले, आणि त्यातल्या एकाने आणखी एक टोकन काढलं. त्याचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता मी भाच्याच्या तक्रारीत जोडायला दिला.

पाचपैकी चार तारे. एक तारा जाहिराती आणि भाषेसाठी कापला.

भाच्याच्या जोडीदारांपैकी एकाने आशा सोडली. दुसऱ्याच्या मोबाइलमधल्या पाकिटात अजून तीच टोकनं दिसतात, संख्या कमी झालेली नाही, म्हणून भाव परत येईल असं त्याला वाटतं. आणखी थोडे पैसे घालायचा विचार करतोय, असं भाचा सांगत होता. येत्या रविवारी मी मिरजेला जाणार आहे. लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी बसायचं आणि पूल रिकामा झाला ती नोंद त्याला दाखवायची असं ठरलंय. त्याच्या बायकोनेही सोबत बसावं असा निरोप दिला आहे.